कोपऱ्यावरचा शाप

मलांग शहरातल्या लेडोकच्या गल्लीत कचरा कोण टाकतं हे कुणालाच माहीत नव्हतं. टाकताना कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं, आणि विचारलंच तर जो तो पलीकडच्या गल्लीकडे बोट दाखवायचा. पलीकडची गल्ली अर्थातच इकडे बोट दाखवायची. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या शेजारी, फणसाखाली एक कोपरा होता, तिथे रोज सकाळी पिशव्या उगवलेल्या असायच्या. रविवारी सगळी गल्ली खराटे घेऊन बाहेर पडायची, घाम गाळायची, कोपरा लख्ख करायची, तळलेली केळी खाऊन एकमेकांची पाठ थोपटायची. सोमवारी बघावं तर पिशव्या पुन्हा हजर. तो फणस वर्षभर फळायचा, फक्त फणस सोडून बाकी सगळं त्याला लागायचं.

विविक या गल्लीची प्रमुख होती. प्रमुखाला तिकडे एर्ते म्हणतात, म्हणून लहानथोर सगळे तिला ‘बू एर्ते’, म्हणजे एर्तेबाई, म्हणत. पन्नाशीची बाई, घरीच शिवणकाम करणारी, बोलायला फटकळ. हे पद तिने मागितलेलं नव्हतं. निवडीच्या बैठकीच्या दिवशी तिला ताप होता, ती आली नाही, आणि जो बैठकीला येत नाही त्याच्याच गळ्यात माळ घालायची ही मलांगमधल्या गल्ल्यांची रीतच आहे. पण एकदा गळ्यात पडलं म्हटल्यावर तिने ते मनावर घेतलं. त्यातही तो कोपरा तिने फारच मनावर घेतला, कारण तिचं शिवणयंत्र ज्या खिडकीशी होतं, तिथून नेमका तोच दिसायचा.

आधी तिने सभ्यपणे पाटी लावली, ‘इथे कचरा न टाकल्याबद्दल आभार’. लोकांनी पाटीच्या खिळ्याला पिशव्या अडकवायला सुरुवात केली. मग तिने चिडून दुसरी लावली, ‘इथे फक्त कुत्री आणि माकडं कचरा टाकतात’. त्याच्याखाली कुणीतरी फवाऱ्याच्या रंगाने ‘भू भू’ लिहिलं, आणि हात मोकळा होता म्हणून मागच्या भिंतीवर आपल्या आवडत्या फुटबॉल संघाचं नावही माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहून टाकलं. ते खरवडताना विविकच्या नखांत आठवडाभर रंग राहिला.

तेव्हा पा तुकिजान पुढे आला; बाईला बू, तसं पुरुषाला पा. ट्रकांच्या मागे धबधबे आणि वाघ रंगवणं हा त्याचा धंदा. म्हणाला, “बू एर्ते, तुम्ही लोकांना लाजवायला बघताय. लाज कुठे आहे लोकांना? भीती घाला. बाजाराच्या मागे लावलीय तशी शापाची पाटी लावा.”

“शाप कसला लावायचा?”

“माझ्यावर सोडा.”

दोन दिवसांनी पाटी लागली. ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘या अल्ला, इथे कचरा टाकणाऱ्याचा जीव लवकर घेऊन जा.’ त्याखाली ‘आमीन’. आणि कुणी सांगितलं नसताना तुकिजानने बाजूला एक टुमदार थडगंही काढलं होतं, चाफ्याच्या फुलांसकट. गल्ली पोट धरून हसली. येता-जाता लोक पाटी मोठ्याने वाचायचे, ‘आमीन’ म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. हसता हसता आठवड्याभरात कोपरा रिकामा झाला. एकही पिशवी नाही. वॉर्डाच्या कचेरीतून साहेब आले, पाटीसोबत फोटो काढून गेले. विविकची मान अशी काही ताठ झाली की शिवताना सुई दिसेना. संध्याकाळी यंत्र बंद करताना ती खिडकीतून एकदा कोपऱ्याकडे बघायची आणि स्वतःशीच, चवीने, आमीन म्हणायची.

याच सुमारास म्बाह कासिनाने अंथरूण धरलं. म्बाह म्हणजे आजी. पायऱ्या उतरून अगदी नदीकाठच्या शेवटच्या घरात ती एकटी राहायची. मुलगा दूर कालिमांतानला पामतेलाच्या मळ्यात. शेंगदाण्याची चटणी घालून उकडलेल्या भाज्या केळीच्या पानात बांधून विकायची, त्यालाच पेचेल म्हणतात. गल्लीतल्या अर्ध्या माणसांची हाडं तिच्या पेचेलवर वाढलेली. तिला खोकला झाला, मग तिने दुकान बंद केलं, मग जेवण सोडलं. आरोग्यकेंद्रातली डॉक्टरीण घरी येऊन गेली. छाती साफ आहे, चुलीचा धूर कमी करा आणि खायला घाला, म्हणाली. पण म्बाह खाईच ना. शेजारपाजारच्या बायका भाताची पेज घेऊन उतरायच्या आणि तशीच परत घेऊन चढायच्या. आठवड्याभरात तिच्या हातातली काकणं कोपरापर्यंत सरकायला लागली.

विविक कोंबडीचं सूप घेऊन गेली.

“म्बाह, दोन घोट तरी घे.”

“कशाला? निघालेल्या माणसाला वाढू नये. अन्न वाया जातं.”

“कुठे निघालीस? डॉक्टरीण म्हणते तुला काही झालेलं नाही.”

“तिला काय कळतंय,” म्बाह भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “तिने पाटी कुठे वाचलीय?”

“कुठली पाटी?”

“तुझी.”

विविकच्या हातातला चमचा हातातच राहिला. म्बाह हळूहळू या कुशीवर वळली. बोलताना तिला दम लागत होता, पण राग आल्यासारखी ती बोलत होती.

“मला अक्षरं येतात ती कुराणातली. लहानपणी नमाजघरात शिकले तेवढी. ही शाळेतली अक्षरं मला येत नाहीत. पाटी लागली तेव्हा मला वाटलं, तुकिजानने जाहिरात रंगवलीय. थडगं दिसलं, म्हटलं कुणी दफनाचं सामान विकायला काढलं असेल. चांगलं आहे, जवळ मिळेल.”

“म्हणजे तू...”

“रोज. पहाटेची नमाज झाली की पिशवी घेऊन चढायची आणि फणसाखाली ठेवायची. तुमची कचरागाडी वर गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. माझे गुडघे फणसापर्यंत चढतात, पुढे नाही. पाटी लागल्यावरसुद्धा ठेवतच होते. बाकी मुलखाचा कचरा बंद झाला, माझी एक पिशवी कुणाला दिसली नाही, समोरच्या पा सुबूरच्या कोंबड्या उजाडायच्या आत फस्त करायच्या तिला.” तिने श्वास घेतला. “मग एक दिवस गल्लीतली सुलिस् तिथे उभी राहून मोठ्याने वाचत होती. मी पिशवी ठेवून वळतेय, आणि ती वाचतेय. जीव लवकर घेऊन जा. आणि ऐकून मी काय म्हटलं असेल?”

विविकने चमचा सुपात सोडला.

“आमीन म्हटलं. सवयीने. जन्मभर कुणी दुवा मागितली की आमीन म्हणत आले, तोंडातून गेलंच. स्वतःच्या मरणाला स्वतः शिक्का मारला. त्याच रात्री खोकला सुरू झाला.”

विविकला वाटलं आपण हसावं, पण हसायच्या ऐवजी तिने सूप खाली ठेवलं. या बाईने तिला लहानपणी पेचेलचं जास्तीचं पान बांधून दिलं होतं, आई वारली तेव्हा तिची वेणी घालून दिली होती. आणि गल्ली स्वच्छ करायला निघालेल्या विविकने इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं, की म्बाह, तुझा कचरा वर कोण नेतं?

“मी पाटी काढते,” ती म्हणाली. “आत्ता काढते.”

“काढ की. लाकूड आहे, निघेल. पण मागणं वर गेलंय, आमीनसकट. ते कसं काढशील?” आणि म्बाह पुन्हा भिंतीकडे वळली.

विविकने त्याच पावली वर येऊन पाटी उपटली. समोर पा सुबूरचं कॉफीचं दुकान. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले.

“बू एर्ते, अहो, काय करताय? एवढी एकच गोष्ट या गल्लीत चालली होती,” सुबूर म्हणाला.

“म्बाह जेवत नाहीये.”

“म्हातारी माणसं जेवत नाहीत कधीकधी. म्हणून काय पुन्हा उकिरडा करायचा?”

“सुबूर, तुझी बायको बाळंतीण होती तेव्हा तुझ्या घरी रोज डबा कोण पोचवत होतं?”

सुबूर कप पुसायला लागला. “तसं नाही म्हणत मी,” तो म्हणाला. “पण कचरा परत येईल हो.”

“येऊ दे,” विविक म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर फणसाखाली खरोखरच एक पिशवी होती, छान गाठ मारलेली. विविकने ती उचलली आणि स्वतः वर नेऊन गाडीत टाकली. गाडीवाल्याने विचारलं, “बू एर्ते स्वतः?”

मग ती पा मोदिनकडे गेली. जन्मापासून मरणापर्यंत गल्लीच्या सगळ्या दुवा पढणारा तो मोदिन; मधल्या वेळात सायकली दुरुस्त करतो. तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. तिने सगळं सांगितलं. तिचं संपल्यावरही त्याने आधी बुडबुडा सापडू दिला.

“लोक माझ्याकडे नोकरी मागायला येतात, मूल मागायला येतात, पाऊस थांबवायला येतात,” तो म्हणाला. “मागितलेलं परत करायला तुम्हीच पहिल्या.”

“होतं का परत?”

“वरच्याला काय अडचण आहे? आपण रोज वेड्यासारखं किती काय मागतो, त्यातलं तो किती देतो? अडचण म्हाताऱ्या बाईची आहे. तिला पटलं पाहिजे. तुम्ही एकटीने मागितलं होतं का?”

“पाटी माझी.”

“आमीन कुणाचं?”

“सगळ्यांचं.”

“मग सगळ्यांनीच उलट मागावं लागेल. स्लामेतान करा. भात शिजवा, चटया घाला, म्बाहला मध्ये बसवा.”

“माझ्या घरी करते.”

“घरी कशाला? जिथे मागितलं तिथे.”

हे ऐकून गल्ली हादरलीच. स्लामेतान म्हणजे मध्ये पिवळ्या भाताचा उंच सुळका, भोवती सगळे मांडी घालून, सगळ्यांच्या खुशालीची दुवा आणि मग जेवण. ते बैठकीच्या खोलीत होतं, मशिदीच्या ओसरीवर होतं. उकिरड्यावर होत नाही.

“तिथे बसून जेवायचं?” सुलिस्ने नाक दाबून विचारलं, कोपरा समोर नसतानाही.

“का गं? आपल्याच घरातलं होतं ना सगळं? परक्याचं थोडंच आहे?” विविक म्हणाली.

“आपल्या नाही, पलीकडच्या गल्लीतलं.”

“मग पलीकडच्यांना बोलावू का जेवायला?” विविकने विचारलं, आणि तो विषय तिथे संपला.

जेवायचं म्हटल्यावर मात्र गल्लीने असा कोपरा धुतला, जसा कोणत्याच रविवारी धुतला नव्हता. खराट्यावर भागेना, तेव्हा साबण आला, मग गरम पाणी आलं. जमीन खरवडताना जुन्या जुन्या वस्तू निघायला लागल्या, आणि गंमत म्हणजे त्या बघून कुणीच ‘ही कुणाची’ असं विचारत नव्हतं. भिंतीवर नाव लिहिणारी पोरंही कुणी न बोलावता रंग घेऊन आली. आख्खी भिंत निळी झाली. निळीच का, हे मलांगमध्ये कुणाला सांगावं लागत नाही; त्यांच्या फुटबॉल संघाचा रंग तोच.

संध्याकाळच्या नमाजेआधी चटया पडल्या. एरवी पुरुष पुढे बसतात आणि बायका आत स्वयंपाकघरात. इथे आत-बाहेर असं काही नव्हतंच, म्हणून सगळे एकत्रच बसले. म्बाह कासिनाला चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट पायऱ्यांवरून वर आणलं. “चौघं नको रे,” ती वाटेत कुरकुरत होती, “चौघं बघून बरं वाटत नाही.” मग एकजण बाजूला झाला आणि तिघांनी तिला तोल सांभाळत आणलं. खुर्चीत ती एवढीशी दिसत होती. विविकने तिच्याकडे बघितलं, तर म्बाह भाताकडे बघतच नव्हती. एवढ्या वासानेही तिची नजर हलली नाही.

पा मोदिनने टोपी सारखी केली. “हं. कुणासाठी मागायचं? नावं सांगा.”

“कचरा टाकणाऱ्यांसाठी,” विविक म्हणाली.

“असं मोघम नाही चालणार. शाप मोघम होता, म्हणूनच तर नको तिथे लागला. ज्यांच्यासाठी मागायचं त्यांनी आपापलं नाव सांगावं.”

सगळे एकाग्र होऊन भाताकडे बघत होते. खाली नदीचा आवाज येत होता, एरवी कुणाच्या लक्षात न येणारा.

“कासिना,” म्बाह खुर्चीतून म्हणाली. “माझं तर घ्या. माझं माहीतच आहे.”

म्बाहने मान खाली घातली. एवढ्या माणसांत एकटंच नाव उभं, असं ते दृश्य विविकला बघवेना. तेवढ्यात सुबूर खाकरला.

“सुबूर,” तो म्हणाला. “म्हणजे, फक्त कॉफीचा चोथा.”

“फक्त?” त्याची बायको मागून म्हणाली.

“आणि दुधाचे डबे.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सुलिस्ने नाकावरचा हात काढून हळूच आपलं नाव सांगितलं, आणि सांगितल्यावर लगेच शेजारणीचंही सांगितलं, एकटी पडू नये म्हणून. मग बांध फुटला. बाळांच्या लंगोटांच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, एक आख्खी गादी, सगळ्यांना मालक मिळाले. भिंत रंगवणाऱ्या पोरांनी हात वर केले. मागून तुकिजान म्हणाला, “तुकिजान. रंगाचे डबे.” आणि थोडं थांबून, “त्या पाटीच्या लाल रंगाचा डबासुद्धा. पाटी लावली, डबा रिकामा झाला, हात जवळ होता.”

आता लोक मोकळेपणाने हसायला लागले होते. म्बाहने मान वर केली होती आणि ती एकेका नावाकडे वळून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता की नवल होतं, ते कळत नव्हतं.

“गुनादी.”

हा आवाज विविकच्या अगदी शेजारून आला. तिचा नवरा. घरात दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस.

“तुम्ही?” विविक म्हणाली.

“चिंध्या,” गुनादी भाताकडे बघत म्हणाला. “तुझ्या शिवणाच्या. तू म्हणायचीस गाडीवाल्याला द्या. गाडी यायची तेव्हा मी कामाला गेलेलो असायचो.”

“आणि पाटी लागल्यावर?”

“नंतर नाही. नंतर पुलापलीकडे नेत होतो. पण मागचं धरतात की नाही, ते कुणाला विचारणार? म्हणून जरा सांभाळून राहत होतो.”

विविकला आता उमगलं, की हा माणूस हल्ली दोन पावलांवरच्या मशिदीत जाताना हेल्मेट का घालून जातो. ती समजत होती, टक्कल झाकायला. रोज संध्याकाळी खिडकीशी उभं राहून चवीने म्हटलेला एकेक आमीन तिला आठवला. कुणाचा जीव मागत होतो आपण? त्या वेळी घरात पाठीमागे जेवायला बसलेल्या नवऱ्याचा. तिला एवढी लाज वाटली की डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढावी लागली, आणि त्या ओढणीआड ती रडत होती की हसत होती, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. गुनादीने न बोलता तिच्याकडे हातरुमाल सरकवला. तिनेच शिवलेला.

“सोपं झालं,” पा मोदिन म्हणाला. “आख्खी गल्ली.” आणि त्याने हात उचलले. “या अल्ला, इथे ज्यांनी ज्यांनी कचरा टाकला, त्यांना लांब आयुष्य दे. इतकं लांब, की टाकलेलं सगळं त्यांना स्वतःच्या हाताने उचलता येईल. आणि ज्यांच्या गुडघ्यांना चढवत नाही, त्यांना शेजारी दे. आधी मागितलेलं आम्हाला नको. ते आम्ही न समजता मागितलं.”

“आमीन,” गल्ली म्हणाली. विविकचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. पण तिचे डोळे म्बाहच्या ओठांवर होते. ते हलले नाहीत. पा मोदिन हात खाली न घेता थांबला. सगळेच थांबले. मग म्बाहने तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि म्हणाली, “आमीन. या खेपेला ऐकून म्हणतेय.”

भाताचं टोक कापून विविकने तिच्या हातात दिलं. म्बाहने ते उलटसुलट करून पाहिलं. सोबतचा सोयाबीनच्या वडीचा तुकडा तोडला, तोंडात टाकला, चघळला. गल्लीतल्या कुणी तोपर्यंत घास उचलला नव्हता.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा घेतला.

त्यानंतर त्या कोपऱ्यावर कचरा पडलाच नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पडतो अधूनमधून. पण पडला की बघणारा आता थांबतो, कारण जिथे मांडी घालून जेवलोय तिथे पिशवी बघवत नाही, आणि पिशवी कुणाची हेही आता थोडंफार ओळखता येतं. ‘पा सुबूर, तुमची पेरणी उगवलीय’ असं कुणीतरी ओरडतं, आणि सुबूर चरफडत येऊन घेऊन जातो. म्बाहची पिशवी वर नेणं ज्याला वर जायचं असेल त्याच्याकडे. आता तिच्या दारात सकाळी माणसं येतात, आणि ती प्रत्येकाला गाठ नीट मारण्यावरून बोलते.

एका सकाळी विविक गेली तर म्बाह खलबत्त्यात शेंगदाणे कुटत बसली होती. मधूनच खोकत होती.

“खोकला आहेच की अजून,” विविक घाबरून म्हणाली.

“आहे ना. धूर आहे, म्हातारपण आहे, जाईल कुठे?”

“मग? पुन्हा भीती नाही ना वाटत?”

म्बाहने बत्ता थांबवला. “मरायला माझी कधीच हरकत नव्हती गं. पण आता चारचौघांत बसून, भात वाढून, आख्ख्या गल्लीने माझं आयुष्य मागून घेतलंय. इतक्या जणांनी मागितल्यावर मेले तर बरं दिसेल का?” तिने पायाने पिशवी विविककडे सरकवली. “धर. आणि वर जाताना गळू देऊ नकोस, काल तुझ्या नवऱ्याने पायऱ्या भरवल्या.”